हिल्यामावशीची साक्ष

डुलूथ, १७ सप्टेंबर १९५१

प्रिय हिल्यामावशी,

बसून नीट अक्षरात लिही, असं तू नेहमी सांगतेस. आज बसवतच नाही. खिडकीच्या कठड्यावर कागद ठेवून उभ्यानं लिहितेय. मावशी, मला नोकरी लागली! वकिलांच्या कचेरीत टाइप करायची नव्हे. तसल्या नोकऱ्या देणारे बरेच भेटले. पदवीचा कागद बघायचे आणि विचारायचे, मिनिटाला शब्द किती? ही नोकरी फेडरल न्यायालयातली आहे. न्यायाधीश हॅल्व्होर ब्रेकहुस यांची लॉ क्लार्क.

झालं असं, की त्यांचा आधीचा क्लार्क कोरियाच्या लढाईवर गेला आणि आमच्या प्राध्यापकांनी माझं नाव कळवलं. मी गेले तेव्हा न्यायाधीश शेगडीला पाठ करून उभे होते. उंच, वाळके, पांढऱ्या भुवया. गाव विचारलं नाही, बाप काय करत होता ते विचारलं नाही. एक छापील निकाल हातात दिला आणि म्हणाले, “वाचा, आणि यात काय चुकलंय ते सांगा.”

वाचला. बरा होता. पण ज्या जुन्या निकालाच्या खुंटीवर सगळा अंगरखा टांगला होता, ती खुंटीच तिथे नव्हती. जुना निकाल तसं म्हणतच नाही. मी तसं सांगितलं. मग पान उलटलं, तर खाली सही: हॅल्व्होर ब्रेकहुस. मी तो निकाल मिटून टेबलावर ठेवला.

ते म्हणाले, “वरच्या कोर्टानंही मला हेच सुनावलं. पण त्यांना सात महिने लागले. सोमवारी या.”

आज सोमवार. मी आले. टेबल मिळालं, दिवा मिळाला, आणि छताला टेकलेली पुस्तकं. या इमारतीत स्त्री लॉ क्लार्क याआधी कुणी पाहिलेली नाही. पट्टेवाल्यानं मला दोनदा सांगितलं की साक्षीदारांनी खाली बसायचं असतं.

तुझी
लेम्पी

*

एव्हलेथ, ३० सप्टेंबर १९५१

लेम्पी, पोरी,

तुझं पत्र मी जेवणाच्या टेबलावर मोठ्यानं वाचलं. सगळे खाणकामगार आंघोळ करून, केस विंचरून बसले होते. चमचे खाली ठेवून ऐकलं त्यांनी. वाचून संपलं. आणि मी म्हटलं, कारकून? माझ्या मरत्या बहिणीच्या उशाशी बसून मी शब्द दिला होता की पोरीला शिकवीन. खानावळीतली भांडी घासून घासून बोटांची सालं गेली ती काय कारकुनासाठी?

तेव्हा विल्हो निस्कानेन म्हणाला, “हिल्या, राजाचासुद्धा कारकून असतो. आणि राजा काय बोलणार ते त्यालाच आधी ठाऊक असतं.” विल्हो तुला आठवतो ना? कोपऱ्यातल्या खोलीतला विधुर, सुरुंगवाला. एवढे दगड फोडले आयुष्यात, पण मन लोण्याचं. मांजराच्या पायाला काटा लागला तरी याच्या डोळ्यांत पाणी. त्याच्या बोलण्यानं माझं समाधान झालं. दुसऱ्या दिवशी सहकारी दुकानात मी सांगून टाकलं, की आमची लेम्पी न्यायाधीशाला निकाल सांगते.

आता खरं काय ते लिही. तो तुला विचारून निकाल देतो का? कोण खरं, कोण खोटं, हे चेहऱ्यावरून कळतं का? जेवायला काय खातो? तुझ्या वर्णनावरून तर मला तो वाळवून टांगलेल्या नॉर्वेच्या माशासारखा दिसतो. आठवडाभर भिजत घातल्याशिवाय खाण्यालायक होत नाही, तसला.

वेलदोड्याचा पाव बसवाल्याच्या हाती पाठवतेय. अर्धा त्याला दे, म्हणजे भिजेल.

हिल्यामावशी

*

डुलूथ, २ डिसेंबर १९५१

प्रिय मावशी,

पहिलं म्हणजे, दुकानात जाऊन ते परत घे. मी निकाल सांगत नाही. मी वाचते. दोन्ही बाजूंचे वकील जे कागद देतात ते सगळे वाचते. त्यांनी ज्या ज्या कायद्याचं नाव घेतलंय तो खरंच तसं म्हणतो का ते काढून बघते. निम्म्या वेळा म्हणत नाही. मग न्यायाधीशांसाठी टिपण लिहिते आणि मग आमचं भांडण सुरू होतं.

खरंच भांडण. पहिल्या आठवड्यात ते काही म्हणाले की मी “हो सर” म्हणायचे. तिसऱ्यांदा म्हटलं तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवलं. “मिस कोर्पेला, हो म्हणायला माझ्याकडे आरसा आहे. मी सही करेपर्यंत मला अडवणं हे तुमचं काम. सही झाली की गप्प बसणं हे तुमचं काम.” आता मी अडवते. गेल्या महिन्यात एका प्रकरणात आम्ही संध्याकाळपर्यंत झुंजलो. शेवटी ते चिडून टोपी घालून घरी गेले. सकाळी आले ते टोपी न काढताच म्हणाले, “दुसऱ्या परिच्छेदापासून तुमच्या म्हणण्याप्रमाणे लिहा.” मावशी, मी त्या दिवशी जिने उतरले नाही, उडाले.

आणि परवाचं ऐक. सुनावणीत मी एक चिठ्ठी पुढे सरकवली, एकच प्रश्न लिहिलेली. त्यांनी तो वकिलाला विचारला. मोठा वकील, पण पुस्तकं उलटायला लागला, कान लाल झाले. कुणाला माहीत नाही तो प्रश्न कुणाचा. माहीत होणारही नाही. मी खाली मान घालून पेन्सिलीला टोक काढत होते आणि आतून मला गावं असं वाटत होतं.

आता दुसरी गोष्ट, आणि ही नीट वाच. फेब्रुवारीत तुमच्या गावाकडचा एक खटला इथे उभा राहणार आहे. पेपरात येईलच, म्हणून सांगते: रेल्वे कंपनीवर एका ब्रेकमनच्या, म्हणजे डब्यांचे ब्रेक लावणाऱ्या कामगाराच्या, विधवेनं केलेला दावा. माझी मावशी त्याच गावात खानावळ चालवते हे मी न्यायाधीशांना सांगितलंय. ते म्हणाले, “उत्तरेकडचे निम्मे लोक कुणाच्या ना कुणाच्या मावशीकडे जेवतात. खटल्याबद्दल बोलू नका, म्हणजे झालं.” तर त्याबद्दल तू मला एक अक्षर लिहायचं नाहीस. कोण काय म्हणतं, कोणाची बाजू खरी, काही नाही. बाकी सगळं लिही. तुझी पत्रं नसली तर इथली कॉफीसुद्धा गोड लागत नाही.

ते मासे खात नाहीत. उकडलेलं अंडं खातात. पाव मात्र सगळा त्यांनीच संपवला.

लेम्पी

*

एव्हलेथ, रविवार, १० फेब्रुवारी १९५२

लेम्पी, पोरी,

खटल्याबद्दल एक अक्षर लिहिणार नाही, म्हटलं म्हणजे म्हटलं. तसंही लिहिण्यासारखं आहे काय? सगळ्या गावाला पाठ आहे. साइमा केटोलाचा नवरा तोइवो खनिजाच्या दोन डब्यांमध्ये चिरडला. कंपनी म्हणते त्यानं घाई केली, आपले लोक म्हणतात ब्रेक गोठलेला होता आणि फोरमनला माहीत होतं. बस. त्यात मी पडत नाही.

मी कालच्या पंगतीबद्दल लिहितेय. विल्होला ज्यूरीत घेतलंय हे तुला माहीतच असणार, रोज तुमच्यासमोर बसतो. शनिवारी घरी येतो. आठवडाभर हॉटेलातलं खाऊन बिचारा उतरलाय. संध्याकाळी दार वाजलं, बघते तर ओन्नी हार्यू. युनियनचा ओन्नी, साइमासाठी वर्गणी जमवतो तो. हातात हे एवढं मांस, आणि बोटाला धरून साइमाची धाकटी पोर. म्हणाला, विल्होला जरा चांगलं जेवू घालू या, परक्या गावात राहतो. मी म्हटलं, बाई गं, किती चांगली माणसं असतात जगात!

जेवायला बसवलं. ओन्नी विल्होला घरची सगळी हकीकत सांगत होता, तोइवो कसा होता, पोरांच्या बुटांना भोकं कशी आहेत. मग त्यानं पोरीला पुढे केलं. म्हणाला, काकांशी हात मिळव. तिनं मिळवला. आपला विल्हो! तुला माहीतच आहे. डोळ्यांतून धार. म्हणाला, “बाळ, तू काळजी करू नकोस. मी आहे ना.” मीही एप्रननं डोळे पुसले.

पोर मोठी गोड. मी पाव दिला आणि विचारलं, आई कुठे गं? म्हणाली, “इस्पितळात, चादरी धुवायला. तिला सांगू नका हं. तिला वाटतंय मी घसरगुंडीला गेलेय. ओन्नीकाका म्हणाले, हे गुपित आहे.” आणि ओठांवर बोट. हसून हसून पुरेवाट झाली.

बघ, खटल्याचं काही लिहिलं का? तुझ्या वाळक्या माशाला सांग, हिल्या रौतिओ शब्दाची पक्की आहे.

हिल्यामावशी

*

डुलूथ, मंगळवार, १२ फेब्रुवारी १९५२

प्रिय मावशी,

हे पत्र मी सांभाळून लिहितेय, कारण न्यायाधीशांना विचारून लिहितेय.

तुझं पत्र आज दुपारी जेवणाच्या सुट्टीत मिळालं. चालता चालताच फोडलं. “हात मिळव” इथपर्यंत आले आणि जिन्यातच थांबले. मावशी, ज्यूररला खटल्यातलं जे कळायचं ते फक्त न्यायालयात, दोन्ही बाजूंसमोर, शपथेवर कळायचं असतं. बाहेर कुणी त्याला जेवायला घालून, पक्षकाराचं मूल समोर उभं करून काही सांगितलं, तर तो ज्यूरर राहत नाही. तुला हे कुणी सांगितलं नव्हतं. तुझा दोष नाही. पण आता ते मला माहीत झालं होतं, आणि त्या इमारतीत विल्हो सोडला तर ते माहीत असलेली मी एकटी होते.

साइमाबद्दल माझ्या मनात काय आहे ते मी लिहू शकत नाही. तुला लिहायची गरजही नाही. एवढंच सांगते, की गॅलरीत शेगडी पेटलेली होती आणि मी तिच्यासमोर उभी राहिले.

मग आत गेले. पत्र फिनिशमध्ये, म्हणून मीच तेवढा भाग वाचून सांगितला. ते ऐकत होते. मग त्यांनी विचारलं, “हे आणखी कुणी वाचलंय?”

“कुणी नाही. मी, आणि आता तुम्ही.”

“शेगडीत टाकता आलं असतं.”

“हो.”

“तसा विचार आला होता?”

खोटं बोलायची ती जागा नव्हती. म्हटलं, “आला होता.”

ते उठून गोठलेल्या सरोवराकडच्या खिडकीशी गेले. माझी नोकरी गेली असं मी धरून चालले होते. मग ते म्हणाले, “या खटल्याचे तुमच्याकडचे सगळे कागद आणून द्या. ज्यूरीला कायदा समजावून सांगायचा तुमचा मसुदासुद्धा, झालाय तेवढा. आता निकाल लागेपर्यंत तुम्ही त्या दालनात पाय ठेवायचा नाही. आणि मावशींना भेटायचं नाही.” मी विचारलं, मावशी कशाला येईल? “साक्षीला,” ते म्हणाले, आणि दार उघडून त्यांनी दोन्ही वकिलांना आत बोलावलं.

मावशी, तुला समन्स येईल. जे झालं ते जसंच्या तसं सांग. माझ्यासाठी काही कमी नको, साइमासाठी काही जास्त नको.

लेम्पी

*

एव्हलेथ, बुधवार

लेम्पी,

कोर्टाचा मार्शल आला. कमरेला पिस्तूल लावून, माझ्या स्वयंपाकघरात, सगळ्यांच्या देखत. कागद दिला आणि माझीच कॉफी पिऊन गेला.

मी तुला विश्वासानं लिहिलं होतं. आता गाव म्हणेल, हिल्यानं साइमाच्या पोटावर पाय दिला. विल्हो टेबलाशी मान खाली घालून जेवायचा ती खुर्ची बघवत नाही. शेगडीसमोर उभी राहिलीस तर मग टाकलं का नाहीस? तुझी आई असती तर टाकलं असतं.

येईन. कायदा बोलावतो म्हणून येईन. तुला भेटायला नाही.

हि. रौतिओ

*

डुलूथ, शुक्रवार, १५ फेब्रुवारी १९५२
(हे पत्र निकाल लागल्यावर टाकणार आहे. न्यायाधीशानं मला बजावलंय.)

लेम्पी,

राग अजून गेलेला नाही, हे आधी सांगते. पण हे सगळं सांगायला मला तुझ्याशिवाय दुसरं कोण आहे?

बंदराजवळच्या फिनिश खानावळीत उतरलेय. कॉफी म्हणजे धुवण. गुरुवारी सकाळी निळी हॅट घालून कोर्टात गेले. ज्यूरीला बाहेर पाठवलं होतं. एवढं मोठं दालन, लाकडाला मेणाचा वास, आणि वर तुझा तो न्यायाधीश. मला शपथ दिली. मग दुभाषा उभा राहिला, हातात माझं पत्र. मला वाटलं तेवढाच भाग वाचतील. न्यायाधीश म्हणाला, पूर्ण वाचा.

पोरी, पूर्ण वाचलं. शेवटी तो “वाळक्या माशा”पर्यंत आला आणि थांबला. न्यायाधीश म्हणाला, “पुढे?” दुभाष्यानं घाम पुसत वाचलं. बाकांवरच्या सगळ्या फिनिश मंडळींनी टोप्या तोंडावर धरल्या. न्यायाधीश माझ्याकडे वळला. “साक्षीदार शपथेवर आहेत. अजूनही तेच मत आहे?” मी म्हटलं, “आता जवळून बघितलं. तितका वाळका नाही.” त्यानं लेखनिकाला सांगितलं, हे लिहून घ्या.

पण मग हसू संपलं. विल्होला उभं केलं. त्यानं सगळं कबूल केलं. म्हणाला, मला वाटलं मी फक्त जेवलो. न्यायाधीश त्याला ओरडला नाही. म्हणाला, तुम्ही चांगले गृहस्थ आहात, पण या खुर्चीत आता बसू शकत नाही. विल्हो माझ्या शेजारून बाहेर गेला. बघितलंसुद्धा नाही माझ्याकडे.

मग कंपनीचा वकील उठला. चांदीचं घड्याळ, गुळगुळीत हनुवटी. म्हणाला, हा कट विधवेचाच आहे, तिनंच मुलीला पाठवलं, दावा इथेच फेटाळा. साइमा खाली बसली होती, पांढरीफटक. त्या वकिलानं मला विचारलं, “तुमच्याकडे मुलीला आईनंच पाठवलं होतं, बरोबर?”

“चूक,” मी म्हटलं.

“तुम्ही काय तिच्या घरात राहता? कसं ठाऊक?”

“तुमच्या हातात आहे की पत्र. पोर काय बोलली ते तिथेच लिहिलंय. वाचा पुन्हा.”

दुभाष्यानं पुन्हा वाचलं. चादरी धुवायला गेलीय, तिला सांगू नका, गुपित आहे. न्यायाधीशानं पत्र मागून घेतलं आणि वरची तारीख बघितली. म्हणाला, “हे रविवारी लिहिलंय. रविवारी कुणाला माहीत नव्हतं की कुणी विचारणार आहे. रविवारी हिला कुणाला वाचवायचं नव्हतं.” साइमा उठून उभी राहिली होती. तिला खरंच माहीत नव्हतं. ओन्नीकडे तिनं असं बघितलं, की मी ओन्नी असते तर सरोवरात उडी टाकली असती. ओन्नीला न्यायाधीशानं तिथल्या तिथे तुरुंगात धाडलं, थोडे दिवस.

दावा चालू राहिला. विल्होच्या जागी राखीव ज्यूरर आली, फ्लडवुडकडची एक शेतकरीण. बाकीच्यांना एकेकाला बोलावून विचारलं, विल्हो तुम्हाला काही बोलला का? नाही.

मी घरी जाऊ शकले असते. पण कुठल्या तोंडानं? राहिले.

सोमवार, १८ फेब्रुवारी

आज शेवटचा दिवस. मागच्या बाकावर म्हातारा हैक्की शेजारी होता, ज्याला इंग्रजी बाजारापुरतंच येतं. वकिलांचं बोलणं त्याच्या डोक्यावरून गेलं. मग न्यायाधीशानं ज्यूरीला कायदा समजावला. लेम्पी, मी ते पाठ केलंय, तुझ्यासाठी लिहिते. तो म्हणाला, “मेलेल्या माणसाची चूक होती का, ते तुम्ही बघालच. पण त्याची चूक सापडली म्हणून कंपनीची शोधायचं थांबवू नका. एका मरणात दोन चुका मावतात.” हैक्कीनं मला कोपर मारलं. “समजलं,” म्हणाला.

बघ, याला म्हणतात शहाणपण. असं बोलायला साठ हिवाळे काढावे लागतात, नुसती पुस्तकं वाचून येत नाही. त्याच्याकडून शीक जरा.

जेवणानंतर ज्यूरी आत गेली. दिवे लागले तेव्हा बाहेर आली. फ्लडवुडची शेतकरीण साइमाकडे बघत होती, तेव्हाच मला कळलं. निकाल साइमाचा! तोइवोच्या घाईबद्दल भरपाईतून थोडं कापलं, पण घर टिकेल, पोरं शिकतील. साइमा टेबलावर डोकं ठेवून रडली. मी माझी हॅट चुरगळून टाकली, मला पत्ताच नव्हता.

तुझी खिडकी वर दिसत होती, दिवा लागलेला. मी खाली बर्फात उभी राहिले. मग बस सुटायची वेळ झाली. राग अजून आहे. पण कमी आहे.

हिल्यामावशी

*

डुलूथ, २१ फेब्रुवारी १९५२

प्रिय मावशी,

तुझं पत्र येईपर्यंत मला निकालाचं एवढंच माहीत होतं, की जिन्यावरून माणसं धावली. न्यायाधीश वर आले, झगा खुंटीला अडकवला आणि दुसऱ्याच एका प्रकरणाचे कागद माझ्यापुढे टाकून म्हणाले, “यात मी काय चुकतोय?” मी विचारलं नाही. त्यांनी सांगितलं नाही. माझ्याच पायाखालच्या मजल्यावर काय घडलं ते मला एव्हलेथहून आलेल्या टपालातून कळलं.

आता सगळं संपलंय, म्हणून त्यांनी एक गोष्ट सांगायची परवानगी दिली. कंपनीचा वकील वरच्या कोर्टात जायला निघाला होता. पण जाऊन म्हणणार काय? विल्हो आत राहिला असता आणि हे पुढे कधी बाहेर आलं असतं, ओन्नीनं दारूच्या गुत्त्यात एकदा बढाई मारली असती तरी पुरे होतं, तर साइमाचा निकाल रद्द होऊन सगळं पहिल्यापासून. आता त्याला धरायला जागाच नाही. तो काल क्लीव्हलंडला परत गेला. कंपनी पैसे भरतेय.

न्यायाधीश तुझ्याबद्दल म्हणाले, “तुमच्या मावशींना मी क्लार्क म्हणून घेतलं असतं. पण त्या गप्प बसल्या नसत्या.” मला आणखी एक वर्ष ठेवून घेतलंय.

ते दोन चुकांचं वाक्य तू पाठ केलंस, हैक्कीलाही समजलं, हे वाचून मी खोलीत एक फेरी मारली. मग आणखी एक मारली. वाक्य चांगलं आहे. याहून जास्त मला लिहिता येत नाही.

गावात तुझ्याशी कोण कसं वागतंय, ते खरं लिही.

लेम्पी

*

एव्हलेथ, ९ मार्च १९५२

लेम्पी, पोरी,

तुझं पत्र मी या वेळी टेबलावर वाचलं नाही. खोलीत दार लावून वाचलं. फेऱ्यांचं दोनदा वाचलं, आणि तिसऱ्यांदा वाचताना माझ्या टाळक्यात उजेड पडला. ते वाक्य कुणाचं, हे मी कुणाला सांगणार नाही. मला गप्प बसता येतं, हे त्या तुझ्या न्यायाधीशाला सांगून ठेव.

खरं लिही म्हणालीस, तर खरं हे. विल्हो ट्रंक उचलून दुसऱ्या खानावळीत गेला. सहकारी दुकानात मी गेले की बोलणं थांबायचं. ओन्नी तुरुंगातून सुटून आला, त्याला स्टेशनवर घ्यायला गर्दी, आणि त्याची बायको इडा मला बघून रस्ता ओलांडायची. खटला जिंकला तरी खबर देणारी ती खबर देणारीच. मी कुणाला दोष देत नाही. खाणीतल्या संपाच्या दिवसांत अशा खबऱ्यांनी किती घरं बुडवली ते मीही बघितलंय.

काल शनिवार, माझ्या सौनात, वाफेच्या न्हाणीघरात, बायकांची पाळी. इतके दिवस जागा पुरायची नाही, काल वरच्या बाकावर इडा आणि तिच्या दोघी मैत्रिणी, आणि खाली मी एकटी. त्या आल्या कारण गावात तेवढा तापणारा दुसरा सौना नाही. पाणी पडलं की तापलेले दगड तेवढे चरचरत होते.

दार उघडलं आणि साइमा आली, धाकटीला घेऊन. वर बघितलं, खाली बघितलं, आणि माझ्याशेजारी येऊन बसली. बर्चच्या पानांची जुडी बादलीत बुडवली आणि म्हणाली, “हिल्या, पाठ इकडे कर.”

मी केली. ती माझी पाठ घासायला लागली. माझी आई घासायची तशी, खांद्यापासून. घासता घासताच बोलली, मला नाही, वरच्या बाकाला ऐकू जाईल अशा बेतानं. “ओन्नीनं भल्यासाठी केलं, मला ठाऊक आहे. पण माझी पोर जन्मभर समजली असती, की बाबांचा न्याय तिनं हात मिळवून आणला. आता तिला मी सांगू शकते, की न्याय आमचाच होता.”

धाकटी वरच्या बाकावर चढायला बघत होती, तिचा पाय पुरेना. इडानं तिला बगलेत हात घालून वर घेतलं. मग माझ्याकडे न बघताच थोडी सरकली, भिंतीला टेकेपर्यंत. शेजारी एक जागा झाली, माझ्याएवढी.

मी उठले आणि वर जाऊन बसले.

हिल्यामावशी